हाडीमाशी खिळलेली काच

मागच्या वेळी आपण 'शरीर आणि मी' या विषयावर बोललो. शेवटी एका श्रोत्याची चिठ्ठी आली होती. गुडघ्यात धातू, जबड्यात स्क्रू, डोळ्यात भिंग असलेल्या माणसाने 'माझं शरीर' म्हणताना कशाकशाला माझं म्हणायचं? वेळ संपली होती, त्यामुळे आम्ही हसून तो प्रश्न पुढे ढकलला. आज तो घेऊ. मात्र आत्म्यापासून सुरुवात करायची नाही, हाडापासून करायची. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, पण हा विषय आम्हाला पुस्तकातून भेटला नाही. तो आमच्या अक्काच्या नडगीतून भेटला.

अक्का म्हणजे आमची थोरली बहीण. तीन पावसाळ्यांपूर्वी ओल्या ओसरीवर पाय घसरून पडली. गुडघ्याच्या लगेच खाली नडगीच्या हाडाचं वरचं टोक असतं, ते आत दबलं. डॉक्टरांनी दबलेला भाग वर उचलला. तो उचलल्यावर खाली पोकळी राहते, कारण आतलं जाळीदार हाड चिरडून गेलेलं असतं. त्या पोकळीत काहीतरी पांढरे दाणे भरले आणि बाजूने पट्टी लावून स्क्रू मारले. ऑपरेशन उत्तम झालं, अक्का आज जिने चढते. त्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. तक्रार निराळी आहे. दुसऱ्या दिवशी अक्काने विचारलं, "आत काय भरलंय?" तिथला तरुण सहायक म्हणाला, "सिमेंट भरलंय आजी, काळजी करू नका." संध्याकाळी दुसऱ्याने सांगितलं, "हाडच आहे ते, नैसर्गिक." तिसरा म्हणाला, "वर्षभरात विरघळून जाईल." एका प्रश्नाला तीन उत्तरं, आणि ती एकमेकांशी जुळत नाहीत. सिमेंट विरघळत नाही. आणि हाड असेल तर कुणाचं? अक्का पक्की शाकाहारी, सोवळ्याओवळ्याची नसली तरी मनाची पक्की. रात्रभर तिला झोप नाही. "अरे, कुणा जनावराचं हाड तर नाही ना घातलं माझ्यात?" असं तिने आम्हाला विचारलं, तेव्हा आमच्याजवळ उत्तर नव्हतं. मग आम्ही वाचायला बसलो.

आधी हाड समजून घेऊ. आपल्याला वाटतं हाड म्हणजे घराचा खांब, एकदा उभा केला की झालं. तसं नाही. हाड हा सतत पाडला जाणारा आणि सतत बांधला जाणारा वाडा आहे. हाड कुरतडणाऱ्या पेशी असतात, त्यांना ऑस्टिओक्लास्ट म्हणतात. नवं हाड रचणाऱ्या असतात, त्या ऑस्टिओब्लास्ट. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहा टक्के भाग दरवर्षी असा नवा होतो. घटक पाहिले तर वजनाने साठ ते सत्तर टक्के खनिज, आणि उरलेलं मुख्यतः कोलॅजन नावाचं प्रथिन आणि पाणी. ज्यांच्या घरी चालतं त्यांनी कोंबडीचं हाड काही दिवस व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवावं. आम्लात खनिज निघून जातं, कोलॅजन राहतं, आणि हाड रबरासारखं वाकतं. उलटा प्रयोग आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे, फक्त त्याला प्रयोग म्हणत नाही. चितेत कोलॅजन जळतं, खनिज उरतं. तिसऱ्या दिवशी आपण जे गोळा करतो ती पांढरी, ठिसूळ वस्तू बहुतांशी कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचं खनिज असते. त्याच्या कुळाचं नाव अपॅटाइट. प्रयोगशाळेत त्याचा जो शुद्ध भाऊ तयार करतात तो हायड्रॉक्सिअपॅटाइट. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता शरीर परक्या वस्तूचं काय करतं ते पाहू. बाभळीचा काटा पायात मोडून राहिला आणि पिकला नाही, तर पुष्कळदा त्याच्याभोवती गाठ धरते. शरीराने त्याला बाहेर ढकलता आलं नाही म्हणून भोवती भिंत बांधलेली असते. शरीरात बसवलेल्या धातूभोवती, प्लास्टिकभोवतीही बहुधा असंच तंतूंचं एक पातळ वेष्टण तयार होतं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आणि नंतरही बराच काळ शल्यचिकित्सकांचं ध्येय ठरलेलं होतं: असा पदार्थ शोधा जो शरीरात काहीच करणार नाही. गंजणार नाही, झिरपणार नाही, कुणाला त्रास देणार नाही. स्टेनलेस स्टील, कोबाल्ट-क्रोमचे मिश्रधातू ही सगळी त्या शोधातली मंडळी. १९७० मध्ये फ्रान्समध्ये बूतँ यांनी खुब्याच्या सांध्यासाठी अॅल्युमिना ही सिरॅमिक वापरली, तीही अशीच अबोल. निष्क्रिय हाच आदर्श पदार्थ, असं सगळ्यांनी धरलेलं.

या आदर्शाची अडचण अशी की जो काहीच करत नाही त्याच्याशी हाड जुळतही नाही. वेष्टण मध्ये येतं, पाऊल टाकताना सांध्यात केसभर हालचाल होते, ती वर्षानुवर्षं साचते आणि रोपण ढिलं होतं. अपवाद होता टायटॅनियमचा. स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांना १९५२ च्या सुमारास असं दिसलं की टायटॅनियमला हाड अगदी लगटून वाढतं. आजचे दातांचे स्क्रू त्यातूनच आले. ती कथा मोठी आहे, पुन्हा कधी.

आणि 'सिमेंट'चं काय? हाडांच्या ऑपरेशनमध्ये ज्याला सिमेंट म्हणतात ते खरं तर अॅक्रिलिक प्लास्टिक आहे. इंग्लंडच्या जॉन चार्न्ली यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी ते रूढ केलं. ते चिकटत नाही, खाचाखोचांत जाऊन घट्ट होतं, भिंतीत खुंटी बसवताना भरतात तसं. अक्काच्या पायात ते नव्हतंच. सहायकाने 'भरलेलं काहीतरी' या अर्थाने शब्द वापरला, अक्काने बांधकामाचा अर्थ घेतला, आणि दोघांनाही वाटलं की संभाषण झालं.

बरं, आता मूळ गोष्टीकडे येऊ. ती अमेरिकेतली आहे, साल १९६७. लॅरी हेंच हे फ्लोरिडा विद्यापीठातले तिशीही न गाठलेले प्राध्यापक. काम काचेवर, तेही इलेक्ट्रॉनिक्ससाठी, किरणोत्सर्गात टिकणाऱ्या काचांवर. सैन्याच्या एका परिषदेला न्यूयॉर्क राज्यात बसने चालले होते. शेजारी बसला होता व्हिएतनामहून नुकताच परतलेला एक कर्नल. हेंच यांनी आपल्या काचेचं वर्णन केलं. कर्नलने विचारलं की किरणोत्सर्गात टिकणारी वस्तू बनवता, तर माणसाच्या शरीरात टिकणारी बनवता येईल का? आम्ही जवानांचे प्राण वाचवतो, पण हातपाय वाचत नाहीत, कारण आपल्याकडचे धातू आणि प्लास्टिक शरीर स्वीकारत नाही.

हेंच वैद्यकातले नव्हते, आणि आमच्या मते तेच उपयोगी पडलं. त्यांनी प्रश्न फिरवला. शरीर धातू नाकारतं, प्लास्टिक नाकारतं, पण स्वतःच्या हाडातलं खनिज नाकारत नाही. मग आत गेल्यावर आपल्या अंगावर ते खनिज स्वतःच उगवेल असा पदार्थ केला तर? सैन्याच्या वैद्यकीय विभागाकडून पैसे मिळाले. १९६९ मध्ये काच ओतली. तिची कृती आज शोधनिबंधांत एखाद्या मंत्रासारखी येते: वजनाने ४५ टक्के सिलिका, २४.५ टक्के सोडियम ऑक्साइड, २४.५ टक्के कॅल्शियम ऑक्साइड, ६ टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड. सोप्या भाषेत वाळू, सोडा, चुना आणि थोडं फॉस्फेट. नाव '४५एस५', व्यवहारात 'बायोग्लास'. टेड ग्रीनली या अस्थिशल्यचिकित्सकाने तिचे छोटे तुकडे उंदरांच्या मांडीच्या हाडात बसवले. सहा आठवड्यांनी काढायला गेले तर निघेनात. ढकलून पाहिलं, ठोकून पाहिलं, हलेनात. तुलनेसाठी बसवलेले दुसरे तुकडे मात्र सहज निसटले. १९७१ मध्ये निबंध छापून आला.

मराठीत आपण एखाद्या सवयीबद्दल 'हाडीमाशी खिळली' म्हणतो. इथे काच खरोखर हाडीमाशी खिळली होती. हाडाला तर खिळतेच, पण ही विशिष्ट काच मऊ ऊतींनाही धरते.

हे घडतं कसं, ते जरा सावकाश पाहू, कारण सगळी गंमत तिथे आहे. खिडकीच्या काचेत सिलिका सत्तर टक्क्यांच्या वर असते. तिचं जाळं घट्ट विणलेलं असतं, म्हणून शंभर पावसाळे खाऊनही खिडकी विरघळत नाही. हेंच यांच्या काचेत सिलिका निम्म्याहून कमी. जाळं सैल आहे, मध्ये सोडियम आणि कॅल्शियम बसलेले. शरीरातल्या द्रवाचा स्पर्श होताच सोडियम बाहेर पडायला लागतो आणि त्याच्या जागी पाण्यातला हायड्रोजन आत शिरतो. त्यामुळे तेवढ्या जागेपुरता द्रव अल्कधर्मी होतो, आणि अल्क सिलिकाचं जाळं आणखी तोडतो. तुटलेले तुकडे पुन्हा एकमेकांना जोडले जाऊन काचेच्या अंगावर एक ओलसर, सच्छिद्र, जेलीसारखा थर तयार होतो. हे सगळं काही तासांत सुरू होतं.

आता खडीसाखर आठवा. दाट पाकात दोरा सोडून ठेवतात. साखर पाकात होतीच, तिला फक्त बसायला जागा हवी होती. आपल्या शरीरातल्या द्रवातही कॅल्शियम आणि फॉस्फेट इतकं असतं की अपॅटाइटच्या दृष्टीने तो दाट पाकच आहे. काचेवरचा जेलीचा थर म्हणजे तो दोरा. काचेतून निघालेलं आणि द्रवातलं, दोन्हीकडचं कॅल्शियम-फॉस्फेट त्यावर बसतं, वाटेत थोडं कार्बोनेट घेतं, आणि त्याचे सूक्ष्म स्फटिक होतात. हे स्फटिक हाडातल्या खनिजाच्या इतके जवळचे असतात की कोलॅजनचे धागे त्यांत गुंतत जातात आणि रचणाऱ्या पेशी येऊन कामाला लागतात. सिलिकाचं प्रमाण साधारण साठ टक्क्यांच्या वर नेलं की हा खेळ बंद होतो. अशी वितळवून केलेली काच पुन्हा खिडकीची काच, म्हणजे शरीराच्या दृष्टीने परकी.

इथे आमच्या विषयातलं थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. वैशेषिकांनी दोन संबंध वेगळे केले. टेबलावर पुस्तक हा संयोग, दोन स्वतंत्र वस्तू भेटल्या, उद्या विलग होतील. धागे आणि वस्त्र यांच्यातला तो समवाय. वस्त्र धाग्यांवाचून कधी नव्हतंच, आणि असेपर्यंत त्यांच्याच आश्रयाने असणार. स्क्रू आणि हाड यांचा संयोग, यात वाद नाही. काच आणि हाड? 'समवाय' म्हणायचा मोह होतो, पण शास्त्राला धरून ते चुकेल. काच आधी भट्टीत वेगळी होतीच की. मात्र संयोग म्हणावा तर ज्या दोन वस्तू भेटल्या त्या तशाच राहिलेल्या नाहीत. काचेचा पृष्ठभाग नाहीसा झाला आहे, आणि सांध्यावर जे आहे ते भेटीच्या आधी दोघांपैकी कुणाकडेच नव्हतं. आमच्या जुन्या चौकटीत हे बसत नाही, हे आम्हाला वर्गात कुणी विद्यार्थ्याने सांगितलं असतं तर आम्ही त्याला खाली बसवलं असतं.

याचा एक व्यावहारिक परिणाम आहे. १९८०च्या दशकात या क्षेत्रातल्या लोकांनी एकत्र बसून 'जैवसुसंगत' शब्दाचा अर्थ ठरवला. डेव्हिड विल्यम्स यांच्या नावाने तो ओळखला जातो. त्याचा आशय असा की पदार्थाने एका विशिष्ट कामात, यजमान शरीराकडून योग्य तो प्रतिसाद मिळवत आपलं काम करणं म्हणजे सुसंगतता. म्हणजे हा वजन किंवा रंग यांसारखा पदार्थाचा गुण नाही, ते नातं आहे. एकटा माणूस 'उंच' असू शकतो, एकटा माणूस 'शेजारी' असू शकत नाही. म्हणून कुणी 'हे मटेरियल एकदम सुसंगत आहे' म्हटलं की आपण विचारायचं: कुठे, कशासाठी, कुणात? मधल्या कानात उत्तम ठरलेली वस्तू मांडीच्या हाडात तुटू शकते.

आणि तुटतेच. काच ती काच, ताण आला की तडा जाते. म्हणूनच बायोग्लासचा पहिला मान्यताप्राप्त वापर अमेरिकेत १९८५ मध्ये झाला तो मधल्या कानातल्या हाडांच्या जागी. शरीरातली सगळ्यांत लहान हाडं, भार जवळजवळ नाहीच. कर्नलने मागितले होते जवानांचे पाय, मिळाला कानातला एक दाणा. नंतर १९९०च्या दशकात ही काच दाण्यांच्या रूपात आली, हिरड्यांखाली झिजलेलं हाड भरायला, मग इतर पोकळ्या भरायला. शल्यचिकित्सकांना दाणेच आवडले, कारण पोकळीचा आकार कधी कारखान्याला विचारून होत नाही. दात शिवशिवणाऱ्यांसाठीच्या काही टूथपेस्टमध्येही आज तीच काच बारीक पूड होऊन येते आणि दातातली उघडी पडलेली सूक्ष्म छिद्रं त्याच खनिजाने बुजवते.

भाराचा प्रश्न दोन वाटांनी सुटला. क्योटोच्या कोकुबो यांनी १९८२ मध्ये काचेतच अपॅटाइट आणि वोलॅस्टोनाइट यांचे स्फटिक वाढवले. ही काच-सिरॅमिक इतकी मजबूत निघाली की जपानमध्ये कृत्रिम मणके करायला वापरली. दुसरी वाट आपल्या आजीला समजली असती: कल्हई. पितळ मजबूत पण आंबट पदार्थाशी त्याचं जमत नाही, म्हणून वर कथलाचा हात. तसंच मजबुती धातूची आणि वरचा पातळ थर हायड्रॉक्सिअपॅटाइटचा. लंडनमध्ये फर्लाँग यांनी १९८५ पासून असे खुबे बसवले. कल्हई उडते तसा हा थरही सुटू शकतो, ती चिंता राहिलेलीच आहे. आपल्याकडे तिरुवनंतपुरमची श्रीचित्रा तिरुनाल संस्था आणि कोलकात्याची काच व सिरॅमिक संशोधन संस्था या पदार्थांवर बरीच वर्षं काम करत आहेत.

एक गोष्ट मात्र हेंच यांनाही सुरुवातीला ठाऊक नव्हती. पुढे ते लंडनच्या इंपीरियल कॉलेजात गेले. तिथे ज्यूलिया पोलक या विकृतिशास्त्रज्ञ होत्या. फुप्फुसातल्या रक्तदाबाच्या विकारावर संशोधन करणाऱ्या या बाईंना तोच विकार झाला आणि १९९५ मध्ये त्यांचं हृदय आणि फुप्फुसं बदलावी लागली. दुसऱ्याचा अवयव अंगात घेऊन जगण्याची किंमत त्यांना रोजच्या औषधांतून कळत होती. या दोघांच्या गटाने दाखवलं की काचेतून विरघळून निघालेले सिलिकॉन आणि कॅल्शियम हाड रचणाऱ्या पेशींमधली कितीतरी जनुकं ४८ तासांत जागी करतात. म्हणजे काच नुसती जागा देत नव्हती, निरोपही देत होती. २००२ मध्ये दोघांनी लिहिलं की आता पदार्थ असे हवेत जे शरीरालाच दुरुस्ती करायला लावतील आणि स्वतः निघून जातील.

आता अक्काकडे वळू. पोकळी भरायला सगळ्यांत चांगलं आजही स्वतःचंच हाड मानतात, कमरेच्या कडेतून काढलेलं. पण मग दुसरी जखम, तिथलं दुखणं, आणि म्हाताऱ्या माणसात मिळणारं हाडही थोडं. म्हणून हे दाणे. ते एका प्रकारचे नसतात. ट्रायकॅल्शियम फॉस्फेटचे दाणे काही महिन्यांत ते एकदोन वर्षांत बरेचसे विरघळतात. हायड्रॉक्सिअपॅटाइट फारच सावकाश, वर्षानुवर्षं तसंच राहतं आणि हाड त्याच्या छिद्रांतून, भोवतीने वाढतं. काहींत दोघांचं मिश्रण असतं. आणि उगमही वेगवेगळे: काही रसायनांपासून बनवलेले, काही समुद्रातल्या प्रवाळापासून, काही गुराढोरांच्या हाडातून सगळं सेंद्रिय जाळून काढून फक्त खनिज उरवलेले. रसायनशास्त्राच्या नजरेला या शेवटच्या आणि पहिल्या दाण्यांत फारसा फरक नाही. अक्काच्या नजरेला आहे. तिचं म्हणणं अडाणीपणाचं होतं असं आम्हाला वाटत नाही. तिला विज्ञानावर शंका नव्हती, तिला आपल्या पायात काय आहे ते हवं होतं. आणि ते ऑपरेशनच्या आधी विचारायला हवं होतं, नंतर नाही. सहीच्या कागदावर 'बोन ग्राफ्ट सब्स्टिट्यूट' एवढंच होतं, आणि सही आम्हीच केली होती. आम्ही, ज्यांनी तीस वर्षं शब्दांचा अर्थ विचारायला शिकवलं.

दीड वर्षाने एक्स-रे काढला, तर दाणे तसेच पांढरे शुभ्र. अक्का घाबरली, विरघळणार म्हणाले होते ना? मोठे डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी जुनी फाइल मागवली. रोपणाच्या प्रत्येक पाकिटाबरोबर एक स्टिकर येतं, नाव, घटक, गट क्रमांक छापलेलं, आणि ते फाइलमध्ये चिकटवतात. त्यावर होतं: कृत्रिम हायड्रॉक्सिअपॅटाइट. म्हणजे रसायनांपासून केलेलं, विरघळण्याच्या फारशा भानगडीत न पडणारं. डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यापुढे धरून दाखवलं, दाण्यांच्या कडा आता पुसट होत्या, हाड त्यांच्या आत गेलं होतं. "आता हे काढायचं म्हटलं तर तुमचंच हाड कापावं लागेल, आजी," ते म्हणाले.

अक्काने थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, "मग ते माझं झालं की नाही?" डॉक्टर आमच्याकडे बघायला लागले, तुम्ही तत्त्वज्ञानाचे, तुम्ही सांगा. आम्ही म्हटलं, दाणा तुझा झाला नाही, पण त्याच्या आतलं हाड तुझं आहे. तिला ते पटलं की नाही कळलं नाही. तिने स्टिकरची झेरॉक्स मागून घेतली. ती आता रेशनकार्डाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, आधारकार्डाच्या मागे.